शिवणीतली माया

शालन रेवंडकर, भोईवाडा.
वहीत निळ्या शाईनं:
मार्चमध्ये कंबर एकतीस,
जूनमध्ये साडेतेहतीस,
दिवाळीला छत्तीस.
दंड मात्र अर्ध्या इंचानं उतरलेले.

टेप माझ्याच हातात होती.
मी म्हटलं, अंगानं भरलीस गं.
ती म्हणाली, गॅस धरतो, दोन घासांत पोट गच्च.
मी शिवणीत माया जास्त सोडली,
पुढे उसवायला बरं म्हणून.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी नाव कागदावर लिहून दिलं, लांबलचक.
अंडाशयाचा, त्यातही विरळा.
म्हणाल्या, इतक्या कमी बायकांना होतो
की औषध शोधायला कुणी पैसा घालत नाही.
कमी म्हणजे किती, मी विचारलं नाही.
माझ्या वहीत एकच होती,
आणि तिचं पान पुढं कोरं.

आता शिलाई अडीचशे, वर दहा.
दहा बिस्किटांच्या डब्यात, संशोधनाला.
हिंदमाताच्या कापडवाल्यानं पाचशे टाकले,
कशाला ते न विचारता.
मी सांगितलंच. अंडाशय, असं मोठ्यानं.
तो मान खाली घालून तागा गुंडाळत राहिला.
डब्यात सात हजार तीनशे चाळीस.
एवढ्यात प्रयोगशाळेच्या काचपट्ट्या किती येतात
ठाऊक नाही.

टेप फिरवताना प्रत्येकीला विचारते:
पोट फुगतं? भूक मरते? किती दिवस?
बहुतेक हसतात.
काल एकीनं टेपचं टोक धरलं, सोडेना.
तीन आठवडे, म्हणाली.

मी मशीनवर कापड टाकलं, दुकान ओढून घेतलं.
दोघी परळपर्यंत चालत गेलो.
वही माझ्या काखेत.