बत्तीस बोल्ट

मेरीसव्हेलला व्हर्लचं गॅरेज म्हणजे
कॉटनवुडच्या सावलीतला पत्र्याचा गोठा.
आत आमची साइड-बाय-साइड
चार ठोकळ्यांवर, चाकं लोंबत,
डॉक्टरकडे नेलेल्या मांजरीसारखी.

श्रीरंग बाहेर, खुर्चीत.
खुबा नवा, आठ आठवडे वाकायचं नाही.
म्हणून यंदा पहिल्यांदाच
चाकांच्या फळीवर पाठ टेकून
मी सरकले गाडीखाली.

जुना पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा.
ओरखड्यांवर ओरखडे,
भाजी चिरून चिरून खरबडलेल्या पाटासारखा.
पुढच्या बाजूला एक खळगा, वाटीएवढा.
तो मला ठाऊक आहे.
बुलियन कॅन्यनच्या वर आदळलो
तेव्हा आम्ही भांडत होतो.
कशावरून, ते गेलं.
आवाज राहिलाय:
रिकामं पिंप वाजावं तसा,
आणि मग गाव येईपर्यंत दोघंही गप्प.

व्हर्ल दोन तुकडे माझ्या हातात देतो.
एक धातूचा: थंड, ताठ.
एक प्लास्टिकचा: काळा, अर्धा इंच जाड, मेणचट,
ओल्या साबणासारखा बोटांतून निसटू बघणारा.
हा दगडाला धरतो, म्हणतो,
आणि हा दगडावरून घसरतो.
तो वाकला की वाकला.
हा मात्र उन्हात फुगतो,
जुलैत याची भोकं जुळत नाहीत;
बोल्ट फार आवळायचे नाहीत,
थोडी जागा ठेवायची.

बाहेरून श्रीरंग: धातूच घे!
कालव्यांच्या दारांवर नोकरी काढलेला माणूस,
ठोकल्यावर जे वाजत नाही
त्यावर त्याचा विश्वास नाही.
प्लास्टिकचे डबे असतात, म्हणतो, लोणच्याचे.
मी म्हणते, दगडापेक्षा वीट मऊ.
मऊ म्हणून वीट कुणी डोक्यात घालून घेतं का?
व्हर्ल विचारतो, काय म्हणतायत?
मी सांगते, किंमत विचारतायत.

पाठीवर मारावं, पोटावर मारू नये,
हे आपलं आपल्यात ठीक.
दगड पोटावरच मारतात.
आणि पोट म्हणजे इथे
तेलाचा पॅन, ब्रेकची नळी,
करंगळीएवढी एक वायर,
जी तुटली की रात्र डोंगरातच.

शेवटचा बोल्ट निघाला, पत्रा खाली आला,
आणि त्याच्यासोबत चिखल, वाळलेला, तीन उन्हाळ्यांचा,
लाल, मग करडा, मध्ये राखेची एक रेघ,
पलीकडचं जंगल पेटलं होतं त्या वर्षाची.
त्यात ज्युनिपरची काडी, पेट्रोलच्या कॅनचं झाकण,
आणि शेंगांची फोलपटं.
अकरा हजार फुटांवरही
खिशात शेंगा बाळगणारा एकच माणूस आहे.
व्हर्लनं बादली तोलली: अठरा पौंड.
एवढं आम्ही दर वेळी वर नेत होतो
आणि म्हणत होतो, हल्ली इंजिनात दम नाही.

प्लास्टिकच घेतलं.
पाणी जायला भोकं मोठी मागितली,
तेल काढायचं झाकण वेगळं.
मागच्या दोन आर्मना मात्र धातू,
थोडा त्याच्या शब्दाखातर,
थोडा व्हर्लही तेच म्हणाला म्हणून.

नऊ दिवसांनी परत त्याच फळीवर.
पट्टी वर धरली, एकेक बोल्ट अर्धाच फिरवला,
मग सगळे, मग अर्धा फेरा मागे.
एकतीस बसले.
बत्तिसावा खळग्याच्या जागचा;
तिथे फ्रेमच केसभर सरकलीय,
भोकासमोर भोक येत नाही.
व्हर्ल म्हणाला, रुंद करून देतो.
पॉपकॉर्नएवढं काम, पाच मिनिटांचं.
मी म्हटलं, राहू दे.

घरी जाताना श्रीरंगला दिला तो बोल्ट.
त्यानं चष्मा वर करून आटे पाहिले,
नखानं जरासं तेल पुसलं,
खिशात टाकला.
वाटेभर खुळखुळत होता,
शेंगांमध्ये.