डावा पाय अर्धं बोट मोठा

आण्णांच्या वहीत माणसं कमी, पाय जास्त.
बाहत्तर सालच्या पानावर चिकटवलेला हा पेपरचा तुकडा:
साखर कारखाना बघायला आलेला राजदूत
वाट वाकडी करून सुभाषनगरात शिरला,
आमच्या उंबऱ्यावर बसून त्यानं मोजा काढला.
आण्णांनी पेन्सिल फिरवली,
बाजूला लिहिलं: एवारिस्तो साहेब. डावा पाय अर्धं बोट मोठा.
टाचेखाली अजून वाचता येतात
शाहूपुरीतले गुळाचे भाव.

दुभाष्याकरवी तो म्हणाला,
आमच्या देशाला समुद्र नाही.
होता. आजोबांच्या वेळी लढाईत गेला.
आण्णा दातांनी वादी ओढत म्हणाले,
"आमालाबी न्हाई. पर आंबा घाट उतारला की हाय,
कुणाला इचारावं लागत न्हाई."
दुभाष्यानं ते कसं सांगितलं कोण जाणे,
साहेबांनी डायरीत लिहून घेतलं.

पुढची त्याची कारकीर्द आम्हाला पोस्टानं कळली.

जिनिव्हाहून: कापशी, एक जोड. करकर नको.
बोलणी चालतात त्या दालनात
कोण येतंय ते आधी कळू नये.
आण्णांनी जन्मात पहिल्यांदा मुकी चप्पल शिवली
आणि दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

परराष्ट्रमंत्री झाला तेव्हा: करकर परत घाला.

चार महिने हंगामी राष्ट्राध्यक्ष.
तेव्हा मागणी नाही, नुसता फोटो.
फोटोत बूट.
आई म्हणाली, "ह्याचं काय खरं न्हाई आता."

अकरा वर्षं बोलून बोलून
त्यानं शेजाऱ्याकडून एक वाट मिळवली होती, बंदरापर्यंत,
नकाशावर आमच्या चामड्याच्या पेडाएवढी.
मी तेव्हा वेणी घालायला शिकत होते,
एक पेड सुटला की सगळी वीण हातात यायची.
त्याच्याच सभागृहानं एका रात्रीत तो कागद उसवला.
आम्हाला आलं ते एवढंच:
नवा पत्ता लिहून घ्यावा.
मग आणखी नवा. मग तिसरा मजला, मागचं दार.
मग: पाय सुजतो, उजवाही आता डाव्याएवढा.
"झाला बघ तह," आण्णा म्हणाले,
आणि हसता हसता खोकत राहिले.

शेवटचं पार्सल उलट्या दिशेनं आलं.
आत जुनीच जोड, दुरुस्तीला.
कान कडक, अंगठा तुटलेला,
तळावर पांढरी, वेडीवाकडी रेघ.
आण्णांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं.
"मीठ हाय."

कुणाच्या किनाऱ्यावर, कुणाच्या परवानगीनं,
चिठ्ठी नव्हती. शिक्का पुसलेला.
आण्णांनी तेल पाजलं, अंगठा नवा बसवला,
रेघ मात्र पुसू दिली नाही.

जोड खुंटीला आहे.
पावती माझ्या अक्षरात:
काम झालं. मजुरी बाकी.
पत्त्याची जागा मोकळी.