चौथा रकाना

सिडकोत, त्रिमूर्ती चौकापाशी, टायरच्या दुकानावर माझी खोली.
एक वजनकाटा, दोन खुर्च्या,
भिंतीवर फळांचा तक्ता,
त्यातलं अननस उन्हानं पांढरं पडलेलं.
भामरे पहिल्यांदा आले तेव्हा
चपला काढून काट्यावर उभे राहिले,
गाभाऱ्यात उभं राहावं तसे, डोळे मिटून.
म्हटलं, मिटलेलेच असू द्या. आकडा माझ्यापाशी राहील.

शंभर पानी वही दिली. चार रकाने:
वेळ. काय. किती. त्याआधी काय झालं.
त्यांनी तिथंच बसून पट्टीनं रेघा मारल्या.
सातपूरच्या कंपनीत टाइम ऑफिसला माणूस,
तेवीस वर्षं.

११.४०. चिवडा. तीन बकाणे. काही नाही.
१२.१०. चिवडा, वर शेंगदाणे-गूळ. मोजले नाहीत. काही नाही.
११.५५. शिळी पोळी, साखर. काही नाही.

सलग तीन आठवडे
चौथ्या रकान्यात काही नाही, काही नाही,
इतक्या सुबक अक्षरात
की मलाच धास्ती वाटायला लागली.

मी माझं नेहमीचं बोलले:
पोटातली भूक जिना चढून येते,
मनातली एकदम दार ढकलते.
दहा मिनिटं थांबा. पाणी प्या.
डबा वरच्या फळीवर ठेवा.
ते मान डोलवत राहिले
आणि डबा गेला वरच्या फळीवर.
पुढच्या नोंदीत: ‘स्टूल घेतलं.’
आम्ही दोघंही हसलो. तेवढंच.

मग जानेवारीत,
निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला त्या आठवड्यात,
पेन्सिलीनं, खोडता येईल इतकं फिकं:
‘आज सतरा गेटपास परत घेतले.
यादी माझ्याच अक्षरात.
खैरनार म्हणाला, साहेब, चहा घेऊनच जातो.’

लाल पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.
खाली कोणीतरी टायरात हवा भरत होतं,
मशीन थांबेपर्यंत आम्ही गप्प.

मशीन थांबलं तसं ते डब्याबद्दल बोलायला लागले.
स्टीलचा, घट्ट झाकणाचा, लग्नातला.
उघडताना असा वाजायचा की मुलगी कूस बदलायची,
म्हणून झाकण पोटाशी दाबून, श्वास धरून उघडायचं.
‘दिवाळीपासून वाजेना.
वाटलं, सैल झालं असेल.
काल स्टुलावर उभं राहून उलटं करून बघितलं, मॅडम.
आतल्या काठाला कापडाची पट्टी चिकटवलीय.
हिच्या जुन्या निळ्या ब्लाउजची.’

घरात कोणी कोणाला काही बोललेलं नव्हतं.

अकरा वर्षं मी माणसांना डब्यांपासून लांब न्यायचं शिकवतेय.
डबा कुठं ठेवायचा, ताटली केवढी घ्यायची,
कुठल्या वासाला बळी पडायचं नाही,
तोंडपाठ आहे सगळं.
त्या पट्टीचं काय करायचं ते
मला कोणी शिकवलं नव्हतं.
काढा म्हणू? राहू द्या म्हणू?

म्हटलं, दिवा लावा.
बसून खा. हवं तेवढं खा, पण दिवा लावून.
फी द्यायला त्यांनी पाकीट काढलं
आणि बराच वेळ ते उघडंच धरून बसले.

वजन? त्या महिन्यात अर्धा किलो वाढलंच.
मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.
काट्यावर मात्र या वेळी डोळे उघडे होते,
अननसाकडे बघत होते.

वही सोडून गेले. शेवटचं पान, पुन्हा पेनानं:

१२.०५.
चिवडा, ताटलीत.
दोन मुठी. एक हिची.
त्याआधी काय झालं: खैरनारला फोन लावला.
उचलला नाही.
उद्या परत लावतो.