पुरवठ्याचे ठिकाण

उद्या वीस तारीख. सतरा अशिलांचे रिटर्न बाकी,
आणि मी टिळक रोडच्या दुसऱ्या मजल्यावर
डबा न उघडता
शर्वाणीच्या वाढदिवसासाठी एक खेळ घेते आहे.

पंधराशे नव्याण्णव, सर्व करांसहित.
बोटं सवयीनं सोडवतात:
मूळ किंमत तेराशे पंचावन्न रुपये आठ पैसे,
वरचे दोनशे त्रेचाळीस ब्याण्णव सरकारचे.
पुरवठ्याचे ठिकाण : सत्तावीस.
आमच्या धंद्यात महाराष्ट्राला सत्तावीस म्हणतात.

पण तिच्या नावाखालचं बटण राखाडी.
ही भेट या व्यक्तीला पाठवता येत नाही,
तुमच्या आणि त्यांच्या प्रदेशातल्या किमतींत फार तफावत आहे.

तिकडे, श्टुटगार्टला, साठ युरोला एक सेंट कमी.
त्यातले नऊ युरो अठ्ठावन्न त्यांच्या सरकारचे.
तेही काढून पाहिलं. उगाच.

आईला फोनवर सांगितलं तर तिला लगेच कळलं.
गिऱ्हाईक बघून भाव, त्यात नवीन काय?
कोथिंबीर मंडईत दहाची, धायरीत वीसची.
मग थांबली.
पण मंडईतली जुडी मी पिशवीत घालून
धायरीच्या बसमध्ये बसते.
मला कुणी उतरवतं का?

धायरी फाट्यावर सिद्धी सायबर, तासाला बारा रुपये.
एक खुर्ची, एक प्लास्टिकचं स्टूल.
माउस तिच्याकडे, बाणांची बटणं माझ्याकडे,
दोघी मिळून एक माणूस चालवायचो,
तो बहुतेक वेळा खड्ड्यात जायचा.
सीडी तपकीर गल्लीतली, पन्नासची,
मार्करनं लिहिलेलं नाव, तेही चुकीचं.
बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला,
बाळा, बिल पाहिजे तर दुकान बदल.
इतकं सरळ उत्तर त्यानंतर
मला एकाही अशिलानं दिलेलं नाही.

शेजारच्या टेबलावरून पिंगळे म्हणतात,
सोप्पंय मॅडम. मैत्रिणीच्या खात्यात जुना पत्ता टाका.
कागदोपत्री त्या अजून इथेच.
लोक तर एका रात्रीत अर्जेंटिनाचे होतात!
पिंगळ्यांना हे कळतं, आणि मला ते पकडता येतं:
वाघोलीचं एक गोदाम, त्यात अकरा कंपन्या,
आत प्रत्यक्षात एक कुत्रा आणि मोडका वजनकाटा.
अशा पत्त्यांवर पाच वर्षं मी लाल खुणा केल्या आहेत.

तरी तिचा पासवर्ड मला ठाऊक आहे.
सिद्धी सायबरमध्ये ठेवलेला, तिनं कधी बदललाच नाही.
देश : भारत.
राज्य : महाराष्ट्र.
इमारत, गल्ली, दूध डेअरीच्या मागे,
चार एक एक शून्य चार एक.
शर्वाणी केळुस्कर, धायरी.
क्षणभर वाटलं,
ती खाली चपला शोधत असेल.

मग पिन कोड मागून पुढे खोडत गेले,
एकेक आकडा.

खेळ मी माझ्याच नावावर घेतला.
पावती आली, ती फोल्डरमध्ये ठेवली. सवय.

रात्री साडेबारा. तिच्याकडे जेवणाची वेळ,
पुढ्यात कसलंसं सूप.
माझा पडदा तिला दिसतो, तिचा चमचा मला ऐकू येतो.
माउस आणि बाण दोन्ही माझ्याच हातात,
सवय नाही, दोन्ही हात गोंधळतात.
मधे म्हणते, माझ्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं,
ईमेल आली. पुण्यातून.
मी म्हणते, असेल.
ती काही बोलत नाही. पासवर्ड बदलू का, असंही विचारत नाही.

पुढे पूल आहे, अर्धा तुटलेला.
डावीकडे, डावीकडे, ती ओरडते,
आणि ते ओरडणं
अर्धा सेकंद उशिरा येतं,
मी पडल्यावर.

परत, ती म्हणते.
मी परत पहिल्यापासून.