धरलेले वार

आई सोमवार धरायची, साबुदाणासुद्धा न खाता.
मी सोम, बुध, शुक्र धरतो.
अडीचशेची एक गोळी, पांढरी, लांबट.
आधी छातीला तारा चिकटवून काळीज तपासलं,
सोसेल म्हणाले.

उद्यापन कधी? डॉक्टरीणबाई सुदानच्या,
त्यांना उद्यापन कसं सांगणार,
‘फिनिश कब’ विचारलं.
वर्षभर तर घे, म्हणाल्या. मग बघू.

हिद्दच्या गोदीत एकवीस वर्षं
जहाजांच्या पोटावरचा गंज उडवत आलो.
नळीतून वाळू सुटते, लोखंड लख्ख होतं,
आणि जे उडतं
त्यालाही कुठंतरी बसायला हवंच ना.

मागच्या वर्षी चार वेळा कफ झाला,
पितळ कळकतं तसा हिरवा.
चार वेळा इस्पितळ, चार वेळा पगार कापला.
यंदा डिसेंबर सरला. जानेवारीत शमाल सुटला,
गुलझमीननं खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबला,
मी रात्रभर छातीकडे कान लावून पडलो,
शेजारचं कुत्रं आता भुंकेल, मग भुंकेल.
भुंकलं नाही.

पण उजव्या कानात काहीतरी लागून राहिलंय,
रातकिड्यासारखं, बारीक.
काचेच्या खोलीत बसवलं मला,
आवाज आला की बटण दाब.
न आलेल्या आवाजांनाही दाबलं मी,
उगाच कमी मार्क नकोत.
गोळीनं असेल, बाई म्हणाल्या. कंप्रेसरनं असेल.
वयानंही. बंद करू या का?
मी नको म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असणार,
बाहेरची नर्स आत डोकावली.

प्रमिलाचा फोन आता डाव्या कानाला लावतो.
दम लागतो का रे जिन्यावर?
तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाच थांबतो, सांगतो.
खरं आहे ते.
कानाचं नाही सांगितलं.
बोलता बोलता ती मध्येच हळू काहीतरी म्हणते,
स्वतःशी की मला, कळत नाही.
मी हो म्हणतो.

मार्चमध्ये व्हिसाची मेडिकल.
थंडगार पाटीला छाती टेकवून उभं राहायचं,
पलीकडून पोरगा ओरडणार, श्वास घ्या, धरा.
धरणं मला जमतं.
वार धरले, श्वासही धरीन
तो ‘सोडा’ म्हणेपर्यंत,
ऐकू आलं तर.