स्क्रू नसलेल्या वस्तूंबद्दल

ज्याला स्क्रू नाही
त्याला मी वस्तू म्हणत नाही.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा राहून
स्वतःचं असं एवढं एकच मत कमावलंय.
बाकीची फुकटची,
कट्ट्यावर दुधाबरोबर मिळतात.

लेकीनं पाठवलेला फोन
वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत.
उलटापालटा केला, नखानं कड चाचपली,
उघडायचा कुठनं ते सापडेना.
"उघडायचा नसतोच, बाबा."
आणि बिघडला तर?
"नवा घ्यायचा."
एवढं सोपं उत्तर
मला कुठल्याच गिऱ्हाइकाला देता आलं नव्हतं.

नकाशातल्या बाईवर माझा राग नाही.
पण 'पापाची तिकटी' ती अशी म्हणते
की कुणीतरी पापाचं तिकीट काढून
फलाटावर उभं आहे.
पार्सलवाल्या पोराला मीच सांगतो,
तालमीच्या मागं ये, गिरण होती तिथं.
"होती म्हणजे आता नाही ना, काका?"
नाही. पण तिथंच आहे.
पोरगं येतं बरोबर. कोल्हापूरचं असावं.

टीव्ही रात्री विचारतो,
तुम्ही अजून बघताय का?
चौतीस वर्षांत मालननं
असं काही विचारलेलं नाही.

गंगावेशीत भाच्याला दूध पाजायला नेलं.
दादू गवळ्यानं म्हशीची धार थेट ग्लासात धरली,
वर चार बोटं फेस.
सुजय म्हणाला, "मामा, थांबा, उजेडाकडं धरा.
अजून जरा वर. परत एकदा."
मी धरला. परत धरला.
दादू म्हशीच्या पोटाआडनं ओरडला,
"फेस बसला की रं!
आता ते नुसतं दूध हाय!"

त्या व्हिडिओत मी चार सेकंद आहे.
मी म्हणजे माझा अंगठा,
अठ्ठ्याण्णव साली अर्धं नख चकमध्ये गेलेला.
अकरा हजार लोकांनी पाहिला.
कारखान्यात कुणी दुसऱ्यांदा बघितला नव्हता.
अकोल्याच्या कुणा बाईनं खाली विचारलं,
काकांच्या अंगठ्याला काय झालं?
उत्तर द्यावं म्हणून फोन उघडायला गेलो
तर फोन तो अंगठाच ओळखेना.
रेषा नाहीत म्हणे. तर्जनीच्याही नाहीत.
लोखंडाच्या किसात गेल्या त्या, कुठं शोधू?
शेवटी करंगळी लावली.
हिनं आयुष्यात काडीचं काम केलं नाही,
आता घरातली किल्ली हिच्याकडं.

रील फालतू असतात, हे माझं मत कायम आहे.
रात्री मालन झोपली की
करंगळी लावून आकडा बघतो.
अकरा हजार चारशे.

तिसऱ्या वर्षी फोनची पाठ फुगली.
लक्ष्मीपुरीत दोन गाळ्यांच्या सांदीत
तौफिक शिकलगार बसतो.
त्यानं गरम हवेनं गोंद सैल केला
आणि लग्नपत्रिकेचं पाकीट न फाडता उघडावं
तसा तो फोन उघडला.
बॅटरी टम्म, तळलेल्या पुरीसारखी.
आणि तिच्या कडेनं, चाचा बघा, तो म्हणाला,
भिंग माझ्या हातात दिलं.

स्क्रू.
मोहरीपेक्षा बारीक, नऊ-दहा,
प्रत्येकाला व्यवस्थित आटे.
कुणीतरी पाडलेत ते.
कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी पाळीत,
कुणाच्या तरी बोटांच्या रेषा घासून.
मी काही बोललो नाही.
गुळगुळीत पाठीला इतके दिवस शिव्या घातल्या
त्याची जराशी लाज वाटली.

नवी बॅटरी बसली, पाठ चिकटली, दिवा लागला.
चुंबकाच्या पट्टीवर एक स्क्रू उरला.
"ऱ्हाऊ दे चाचा, एकानं काय होत नाही."

फोन झकास चालतोय.
स्क्रू मी काड्यापेटीत घालून उशाशी ठेवलाय.
अडीच वाजलेत.
तो कुठला असेल?