सहा पावलं, चार पावलं

जुलैच्या पहाटे लुआन्शात गवत पायाखाली कुरकुरतं.
खाणीच्या अंगाने गंधकाचा वास येतो
जुन्या शेजाऱ्यासारखा, न विचारता.
माझ्या एका हातात कटर, दुसऱ्यात बादली,
खिशात कमिटीचा कागद:
अठरावं ग्रीन. मागच्या कडेपासून सहा पावलं, डावीकडून चार.

शेवटचा दिवस.
पाच देशांची हौशी पोरं उतरली आहेत
वारुळांना वळसे घालत जाणाऱ्या आमच्या मैदानावर.
वारुळं अशी की त्यांच्या सावलीत ट्रॅक्टर मावतो.
कुणी मलावीचं, कुणी बोट्स्वानाचं,
आणि एक माझ्या बहिणीचा, कलुबा,
सातव्या वर्षापासून माझ्यामागे अनवाणी चाललेला,
दवात उमटलेली माझी पावलं मोडत.

क्लबहाउसात मिसेस म्वाले यांनी तक्ता लावलाय.
खाली आमच्या स्पर्धेचं नाव,
तिथून एक बाण खंडाच्या स्पर्धेकडे,
तिथून दुसरा, जाड, लाल, समुद्रापलीकडे,
जिथे म्हणे कोरड्या महिन्यांतही गवत हिरवं असतं.
तिसरा बाण कागदाच्या कडेला जातो आणि तिथेच संपतो.
हे सगळं एकाच पोरासाठी.

कलुबाचा हात मला ठाऊक आहे.
उजवीकडून डावीकडे वळणारा चेंडू तो हसत घालतो.
डावीकडून उजवीकडे उतरणारा असला
की शेवटच्या वितीत मनगट कच खातं.
आणि मागून सहा, डावीकडून चार,
म्हणजे नेमका तोच उतार.

पावलं कुणाची, ते कागदावर नाही.
मिसेस म्वाले ठेंगण्या. मी ताडमाड.
अर्ध्या पावलात तिथला उतार बदलतो,
हे जगात फक्त मला माहीत,
मला, आणि मी रोज झोपमोड करतो त्या गांडुळांना.

बराच वेळ उभा राहिलो. बोटं गारठली.
मग मोजलं, कटर रोवला, पिळला,
मातीचा कांडका उपसला:
वर गवताची टोपी, खाली तांबूस ओल.
तो नेऊन कालच्या भोकात बसवला, टाचेने दाबला.
एकतीस वर्षं हेच. आजच्या मातीने कालचं भोक बुजवायचं.

दुपारी हरारेचा तिनोतेंडा खेळून मोकळा झाला होता.
बरोबरीसाठी कलुबाला दोन टोले पुरे होते.
पहिला हातभर पुढे गेला.
दुसरा कडेला लागला, आत डोकावला,
आणि चुकीच्या दारात वाकलेल्या पाहुण्यासारखा
ओशाळून बाजूला झाला.
कुणी हूं की चूं केलं नाही.
मी वाळूच्या खड्ड्याशी, फावड्याच्या दांड्यावर हात घट्ट करून.

टोपी काढून त्याने हात मिळवला. कार्डावर सही केली.
मग माझ्याकडे आला आणि म्हणाला,
“मामा, भोक छान कापलं होतंस. कड अगदी स्वच्छ.”

रात्री टॉर्च घेऊन पुन्हा गेलो.
मोजली, तर साडेसहा.
पुन्हा मोजली, तर पावणेसहा.
भाच्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये,
म्हणून तर नाही ना मी
सकाळी टांग जरा लांब टाकली?
उतार सांगत नाही. गवत तर नाहीच.

राखीव यादीत त्याचं नाव पहिलं आहे.
पासपोर्टचे फोटो काढून ठेवलेत, चार,
खाण-दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर, न हसता.
राखीव माणसाला कधी फोन येतो.
बहिणीने फोन खिडकीत ठेवलाय, तिथे रेंज असते.

सोमवारी मेंबरांचा खेळ. कागद नव्हता.
मी भोक मधोमध पाडलं, सपाटीला,
जिथून शाळकरी पोरालाही जमावं.
संध्याकाळी एक म्हातारे डॉक्टर म्हणाले,
आज फार सोपं ठेवलंस रे.
हो, म्हणालो, आणि बादली उचलली.